सतरा नंबर

गुंजाळबाईंची अभ्यासिका नवी पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली झेरॉक्स, शेजारी चहा.
शहाऐंशी खुर्च्या, सहा पंखे आणि एक नियम: मोबाईल जिन्यात.
खुर्च्यांचा हिशेब वहीत, वहीवर कपाचे गोल,
आणि कुणाचा महिना कधी संपला
यावरून आठवड्याला एक भांडण.

बाई म्हणाल्या, तू कॉम्प्युटरचं शिकतोयस ना आता?
'आता'वर त्यांनी जोर दिला नव्हता.
मला ऐकू आला.

चार वर्षं सतरा नंबर माझा होता.
खिडकीकडून तिसरा, डावा हात भिंतीला.
शेवटच्या वेळी सव्वादोन मार्क.

आता रात्री दहानंतर काउंटरमागे बसतो
आणि लॅपटॉपच्या पोटात दुसरं यंत्र बसवतो.
दोन जीबी मेमरी, वीस जीबी जागा.
एवढ्यात त्याला वाटतं आपण अख्खे आहोत.
पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही,
साधं टिंबसुद्धा नाही.
बोटांनी विश्वास ठेवायचा.
ह्याची मला सवय आहे.

डेटाबेस म्हणतो, परवानगी नाही.
परवानगी देतो तर म्हणतो, असा टेबलच नाही.
पाचशे दोन, पाचशे दोन, पाचशे दोन,
मग लॉगच्या शेवटच्या वीस ओळी,
आणि एका राहिलेल्या अर्धविरामाजवळ सापडतो
मंगळवारचा अख्खा दिवस.

एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक:
हा पत्ता म्हणजे आपणच आपल्याला मारलेली हाक.
ओ येते लगेच.
इरफान तांबोळीला फोन करून सांगितलं, माझ्याकडे चालतंय.
तो म्हणाला, तुझ्याकडे तर तूपण चालतोस,
बाहेर काढ.

बाहेर म्हणजे क्लाउडवर.
ढगबिग काही नसतं, इरफान म्हणतो,
दुसऱ्याची खोली, तासावर भाडं.
आमच्या अकरा महिन्यांच्या करारापेक्षा बरं,
डिपॉझिट नाही, लग्न झालंय का विचारत नाहीत.
कार्ड त्याचंच. दोन रुपये कापले, परत आले.
कुठे हवं यंत्र? यादी उघडली.
पुण्याचा माणूस, तोंड वाकडं करून
मुंबई निवडली.

किल्ली एकदाच मिळते.
ती सगळ्यांना वाचता येतेय म्हणून यंत्रानं मला दारातच अडवलं.
फक्त मला दिसेल अशी केली,
तेव्हा आत घेतलं.
मग तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून,
पण ह्या वेळी हात थांबत नव्हते.

तरी पान उघडेना.
आत सगळं चालू: सर्व्हर चालू, डेटाबेस चालू,
शहाऐंशी खुर्च्या जागच्या जागी.
बाहेरून बघावं तर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र.
दीड तास मी आतच चूक शोधत राहिलो.
पोर्ट ऐंशी बंद होतं.
इतकंच. दारच उघडलं नव्हतं कुणी.

नियमाप्रमाणे जिन्यात जाऊन मोबाईल काढला.
वायफाय बंद केलं, डेटावर घेतलं,
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता.
उघडलं.
छोटे छोटे चौकोन, हिरवे रिकामे, लाल भरलेले.
आणि सतरा लाल.
चाचणीसाठी मीच टाकली होती नोंद, माझ्या नावाने,
लॅपटॉपवरून कॉपी होऊन ती इथवर आली होती.

एका ओळीची आज्ञा. शेवटी अर्धविराम.
एक ओळ काढली, यंत्र म्हणालं.
कोणती, ते नाही म्हणालं.

सकाळी सहा बाराला पहिलं बुकिंग:
प्रणिता कोळेकर, म्हसवड, सतरा नंबर, तीन महिने.
बाईंनी पडद्यावर पाहिलं, चष्मा वर केला
आणि वहीतही लिहून घेतलं.
असू दे, म्हणाल्या, लाईट गेली तर.

लॅपटॉपमधलं यंत्र अजून चालू आहे.
त्यात सतरा लालच आहे.
बंद करायचं राहिलंय.