साडेचार इंच डावीकडे

टीव्ही पासष्ट इंची. हॅलिफॅक्सहून पुतण्यानं धाडलेला,
सोबत चिठ्ठी: फायरप्लेसच्या वर लावा, शोभेल.
शोभा ही माझ्या धंद्यातली सगळ्यात महाग गोष्ट.
मी विचारलं, मर्डीना, ही पेटते का अजून?
म्हणाली, ऑक्टोबर ते मे, विझते का ते विचार.

केप ब्रेटनच्या या किनाऱ्यावर
वारा घरात शिरायला दार शोधत बसत नाही,
खिळ्याच्या भोकातून येतो.
म्हणून आधी भिंतीचं नाही, भिंतीच्या तापाचं माप.
थर्मामीटर मी विसरलो होतो.
तिनं पाकाचा दिला, जॅमचे डाग पडलेला;
तो चिकटपट्टीनं विटांवर लावला,
मेपलचे तीन ओंडके रचले,
आणि आता दोन तास थांबायचं.

दोन तास म्हणजे चहा, ओटची जाड बिस्किटं,
आणि हेक्टर.

उशांच्या चवडीवर टेकलेला.
धक्क्यावरच्या बर्फावरून पाय गेला
त्याला अकरा महिने झाले, मान वळत नाही.
गिऱ्हाइकांना मी घसा कोरडा करून सांगतो,
इतका उंच नको, मान धरेल, डोळ्यांच्या रेषेत हवा.
या घरात डोळ्यांची रेषाच
धुराड्याच्या छातीवर जाऊन टेकते.
आग त्याला दिसत नाही, पलंगाच्या कठड्याआड असते.
ऐकू येते फक्त.
"हा बर्च तडकला," तो म्हणाला.
मी वाकून पाहिलं.
तिसरा ओंडका बर्चचाच होता.

अडतीस. चव्वेचाळीस. एकावन्न.
मर्डीना चष्मा वर करून आकडे ओरडत होती,
धक्क्यावर लॉबस्टरचं वजन ओरडतात तशी.
टीव्हीच्या पुस्तकात छापलंय,
चाळिसाच्या वर जबाबदारी आमची नाही.
आग की चित्र, एक निवडा, मी म्हणालो.
निवडायचंच असतं
तर तुला कशाला बोलावलं असतं?

मग गाडीतून ओकची फळी काढली, नऊ इंच रुंद,
आगीच्या डोक्यावर छज्जासारखी ठोकली.
पुन्हा दोन तास. पुन्हा चहा.
सदतीस.

ड्रिल टेकवणार, तेवढ्यात पलंगावरून:
थांब. नक्की कुठे?
मी हातानं चौकोन दाखवला.
"ती वीट जाईल."

कुठली?
वरून सहावी ओळ, उजवीकडून तिसरी.
स्टुलावर चढून पाहिलं तर
विटेत एक पंजा रुतलेला, एवढासा.
भट्टीत जायच्या आधी
ओल्या मातीवरून कोणीतरी चालत गेलं होतं,
हे घर उभं राहण्याआधी कधीतरी,
आणि बहुतेक घाईत.
"मांजर आहे," हेक्टर म्हणाला.
"पुढचं पाऊल दुसऱ्या विटेवर,
ती वीट गेली कुणाच्या घरी कोण जाणे.
अकरा महिने तेच बघतोय, कुठे निघालं होतं ते."

मर्डीना पन्नास वर्षं ती भिंत पुसत आली होती.
तिनं चष्मा खाली केला. परत वर केला.
मग मलाच म्हणाली, ऐकलंस ना? सरकव.

साडेचार इंच डावीकडे.
भोक विटेत पाडावं की सांध्यात, यावर
दोन गवंडी भेटले तर तीन मतं असतात;
मी विटेत पाडलं,
लाल पीठ चहाच्या कपात पडलं, तो तसाच प्यायलो.
खोलीत शिरताच कुणालाही वाटावं
लावणारा झिंगलेला होता.
झालेल्या कामाचा मी फोटो काढतो. या वेळी नाही काढला.

मर्डीनानं काढला. संध्याकाळी पुतण्याचा फोन:
वाकडा लावलाय!
वाकडा नाही, मी म्हणालो, बुडबुडा मधोमध आहे.
मागे हॉकी लागली होती, आवाज बंद करून.
हेक्टर चित्राच्या उजव्या कडेबाहेर बघत होता.
कोण पुढे आहे? मर्डीनानं स्वयंपाकघरातून विचारलं.
मांजर, तो म्हणाला.