विराम, चार सेकंद

माणूस तीन सेकंदांहून कमी गप्प बसला
तर ते लिहायचं नाही, असा नियम.
पुढे गेला तर कंसात विराम, इतके सेकंद.
हसला तर: हसतो.
रडला तर काय, हे सूचनापत्रात नव्हतं.
विचारलं, तर डॉक्टर स्मारांदा म्हणाल्या,
"आवाज अस्पष्ट, असं लिही."

एकसष्ट मुलाखती.
पेत्रोशान, लुपेन, वुल्कान,
खाणी मिटल्या तरी मिटता न आलेली गावं.
मी तिथे कधी गेले नाही.
क्लूजच्या हॉस्टेलात, कानांत बोंडं खुपसून,
मिनिटाला इतके या दराने ऐकली ती:
चुलीवर कोबी रटरटतोय,
जिन्यात कुणीतरी सायकल चढवतंय,
आणि मध्येच तो प्रश्न, इस्त्री करून आणलेला:
"राज्यसंस्थेवर आपला विश्वास कितपत? एक ते सात."

बाया म्हणत "तीन",
बाजारात भाव पाडून मागावा तसं.
एक आजोबा म्हणाले, "सात घाल, पोरी,
तुझं काम होत असेल तर."
मी सात घातले.

अडतिसावा.
बायको त्याला अरोन म्हणते;
मी तिथे टाइप केलं: नाव वगळले.
प्रश्न झाला. खुर्ची सरकली.
झाकण उचललं गेलं, ठेवलं गेलं.
नळ. मग नळही नाही.
मग तो बोलला:

"दिव्यांच्या खोलीत खिळ्यांची फळी होती.
खाली उतरताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा,
वर आलं की काढून घ्यायचा.
पितळेचा. माझा चारशे सहा.
पाळी सुटल्यावर एक जरी लटकत राहिला
तर कुणी घरी जात नसे, साहेबसुद्धा.
आता तो खिळा कुठे आहे, तेवढं सांगा.
मग आकडा सांगतो."

रकाना आकड्याचा होता.
मी नव्व्याण्णव भरले. म्हणजे, उत्तर नाही.
आणि तो विराम चाळीस सेकंदांचा होता.
मी चार लिहिले.
शून्य राहून गेलं. रात्रीचे दोन वाजले होते.

गुरुवारी, खोली दोनशे चौदा.
'विश्वासाची ओहोटी', निळे खांब, डावीकडून उजवीकडे
आजारी माणसाच्या वजनासारखे उतरत गेलेले.
व्हिएन्नाहून आलेले एक प्राध्यापक
'लोक' या संकल्पनेवर सहा मिनिटं बोलले,
शेवटी म्हणाले, हा प्रश्न नाही, टिप्पणी आहे.
सतराव्या स्लाइडच्या तळाशी, मुंगीएवढं:
एकूण साठ.
एक गाळला.

माइक ओळीतून सरकत येत होता,
मागच्या कुणाला तरी हवा होता.
माझ्या हातात आला आणि तिथेच राहिला.
गरम होता, आधीच्या हातांनी.
सगळे वळले. स्मारांदाबाई हसून थांबल्या.
टेबलावरचा लाल ठिपका चालू होता.
मी मनात मोजत होते: अकरा, बारा,
चुलीवरचं झाकण, तेरा,
मग अध्यक्ष म्हणाले, कॉफी बाहेर ठेवली आहे.

हे उद्या दुसरी कुणी मुलगी उतरवेल.
तिला झोप न येवो.

दाराशी खोका होता: नावाच्या पट्ट्या इथे टाका.
सगळे टाकत होते, गळ्यातून ओढून,
दोऱ्यांचा गुंता करत.
माझी खिशातच राहिली.
राहिली म्हणते; ठेवली.
सेवेरिना मॉल्दोवान, सहायक,
खिडकीच्या कडीला अडकवून
शुक्रवार, शनिवार, रविवार वाट पाहिली.

सोमवारी कार्यालयाचं पत्र आलं.
मोजणी झाली होती. एक कमी भरत होती.
प्लास्टिकच्या पाकिटाचे आठ लेय
मानधनातून वळते होतील, कळावे.