माग

मी शिंपी. कवायत मला येत नाही.
सॅल्यूटला तीन बोटं की चार, अजून चुकतो.
पण गावातल्या बावीस गळ्यांतले बावीस स्कार्फ माझे.
निळं कापड संपलं तेव्हा
कुणाच्या तरी लग्नातली मांडवाची झालर जोडली.
अमळनेरच्या मेळाव्यात तपासनीस म्हणाले,
रंग एक नाही.
म्हटलं, साहेब, कापडही एक नाही.

गाठी लोटन आप्पांच्या.
जिनिंगमध्ये उभा जन्म कापसाच्या गाठी आवळल्या,
म्हातारपणी दोराच्या शिकवायला लागले.
पुस्तकातली नावं त्यांना पटत नसत.
रीफ नॉटला म्हणायचे व्याही,
दोन्ही दोर सारख्याच मानाचे.
आणि सरकगाठीला तलाठी.
का, ते सांगत नसत.

पातेलं सायजाबाईचं.
पातेलं देते, पण खिचडी दुसऱ्याला ढवळू देत नाही.
सलीम पिंजारी ट्रॅक्टर देतो,
डिझेलचं विचारलं की गाण्याचा आवाज वाढवतो.

सरांची बदली नवापूरला झाली.
शिट्टी शाळेच्या खुंटीवर राहिली.
ती कोणी घ्यायची, यावर
आम्ही चार मोठी माणसं तीन दिवस काही बोललो नाही.
चौथ्या दिवशी ती वाजली.
भिकन मिस्तरीची कोमल. सातवीतली.
तिनं कोणाला विचारलंही नव्हतं.

रविवारी माग काढायचा खेळ.
आप्पा अर्धा तास आधी निघायचे,
पऱ्हाटीच्या काड्यांचे बाण मांडत,
आणि शेवटी कुठंतरी धुळीत एक वर्तुळ, मधे ठिपका.
म्हणजे: मी घरी गेलो.

त्या रविवारी बाण दादरच्या शेतातून निघाले,
बोरीच्या कोरड्या पात्रात उतरले,
म्हसोबापाशी वळले
आणि म्हसोबापाशीच परत आले.
मग पुन्हा.
बाणावर बाण. काही उलटे.
एक पोरगं हसलं.
कोमलनं नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

मग तिनं बाण सोडून पावलं धरली.
आप्पांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटका,
म्हणून एक पाऊल उमटलेलं, एक ओढलेलं.
बावीस पोरं खाली माना घालून
मातीतली ती रेघ वाचत चालली,
मागे मी, धापा टाकत, गळ्यात मापाची टेप.

सापडले जुन्या जिनिंगच्या भिंतीशी.
जिथं फाटक होतं तिथं उभे,
हातात दोराचं टोक.
"कथा चालनात आप्पा?"
"पाळीवर," म्हणाले, "भोंगा वाजी गया ना."

भोंगा वाजून एकोणीस वर्षं झाली.
कोणी ते बोललं नाही.
कोमलनं डावा हात पुढं केला,
आमच्यात हात डावाच मिळवतात,
आणि आप्पांनी
न चुकता डावाच दिला.

आता दर रविवारी पोरंच बाण मांडतात,
आप्पांच्या ओट्यापासून शाळेपर्यंत.
ते वाकून वाकून वाचत येतात.
एखादा तिरपा असला तर थांबून सरळ करतात,
आणि मांडणाऱ्याचा कान धरतात.
येऊन व्याही बांधतात, सोडतात, बांधतात.
संध्याकाळी कोणीतरी सोबत जातं,
ओट्यासमोर खडूनं वर्तुळ काढतं.
ठिपका आप्पा देतात.
कधीकधी तो रेघेच्या बाहेर पडतो.

मी त्यांना एक स्कार्फ शिवला, तेविसावा.
उलट्या बाजूला पत्ता घातलाय,
कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं,
बोट फिरवलं तरच कळेल असा.
खाली सायजाबाईचा नंबर.
आप्पांकडे फोन नाही.