पार्श्वभूमी : लागू नाही

मालाडला, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर
मी ऐकण्याचा पगार घेते.
खेळता खेळता कुणी कुणाच्या आईवर गेलं
की दुसरा तक्रारीचं बटण दाबतो,
आणि त्या आधीची चाळीस सेकंदं, नंतरची वीस
कापून येतात माझ्या कानात,
नावगाव काढलेली,
लेबल खरवडलेल्या बाटलीसारखी.

शिवी : हो, नाही.
धमकी : हो, नाही.
जात काढली का, धर्म, बाई?
शेवटचा रकाना पार्श्वभूमीचा.
तिथे आम्ही सगळेच लिहितो, लागू नाही.

पण पार्श्वभूमीच जास्त ऐकू येते हो.
पंख्याची कटकट, कुकरची तिसरी शिट्टी,
कचऱ्याच्या गाडीची घंटा,
कुणाचे तरी आजोबा रात्रभर खाकरतात.
शिव्या सगळ्यांच्या सारख्याच.
घरं तेवढी वेगळी.

मंगळवारी एक क्लिप आली.
पोराचा आवाज नुकता फुटलेला,
ओरडताना मध्येच चिरकणारा,
"मागून ये ना, मागून, अरे भि..."
आणि त्याच्या पाठी, बहुतेक ओट्यापाशी,
एक बाई फोनवर, हळू :
"आला गं रिपोर्ट. तेच आहे.
नाय, प्रणीलला नाय सांगितलं.
बारावी होऊ दे त्याची.
तो काय, कानात घालून बसलाय,
त्याला कुठे ऐकू येतंय."

त्याला नाही आलं.
मला आलं.
तिच्या बहिणीनंतर मीच.
मध्ये एक यंत्र होतं, पण त्याने
'अपशब्द, शक्यता ब्याण्णव टक्के'
एवढंच ऐकलं आणि पुढे सरकवलं.

तिने कुठे दाबलं होतं, 'मला मान्य आहे'?
ते प्रणीलने दाबलं.
तेरा पानं न वाचता
उठवला अंगठा,
आणि लिहून दिलं अख्खं घर,
ओटा, पंखा, आईच्या छातीतली गाठ.

क्लिप दोनदा ऐकायची मुभा असते.
मी पाचदा ऐकली.
हे मी कुठे बोललेले नाही.
पाचव्यांदा, खिडकीखालून,
चिरलेला भोंगा, दोन आखूड, एक लांब,
आणि "जाडं मीऽऽठ".
असा भोंगा एकाच सायकलला आहे
आणि ती सायकल आमच्याच कन्नमवार नगरात फिरते.

त्यानंतर भाजीच्या गाडीपाशी
मी बायकांच्या मनगटांकडे बघू लागले,
सुईचे डाग दिसतात का म्हणून.
कोण बारीक झाली. कोणी डोक्याला रुमाल बांधला.
मग माझीच मला लाज वाटली,
मेथीची जुडी तशीच ठेवून घरी आले.

निकाल मात्र द्यायचाच होता.
शिवी होती, स्पष्ट होती.
हो म्हटलं तर सात दिवस खेळ बंद,
पोरगा हेडफोन काढणार,
घरात बसणार, रिकाम्या कानांनी.
परीक्षेला नऊ दिवस.

मी लिहिलं : नाही.
तपासणीवाल्याने पकडलं, दोन गुण कापले,
म्हणाला, "मॅडम, इतकं ढळढळीत?"
मी म्हटलं, "आवाज फार होता मागे."
"मग रकान्यात लिहायचं ना."
"काय लिहू?"
तो स्क्रीनकडे बघत होता. "लागू नाही लिहा."

काल भोंगा वाजला. दोन आखूड, एक लांब.
डबा घेऊन खाली उतरले.
तिघी-चौघी होत्या सायकलभोवती.
माझ्या डाव्या खांद्यामागून एक आवाज म्हणाला,
"अर्धाच किलो दे, भाऊ. हल्ली खपत नाही."
तीच असेल. नसेलही.
मी मान वर केली नाही.
पर्समधली चिल्लर मोजत राहिले,
मोजून झाली तरी.