तांबडा दिवा

बिस्मार्कला जानेवारीत ऊन साडेआठला येतं,
मी मात्र आठलाच खुर्चीत असते.
अर्थसमितीची खोली. माझ्यासमोर
तीन दिव्यांची एक पेटी.
हिरवा म्हणजे बोला. पिवळा म्हणजे आवरा.
तांबडा म्हणजे बसा.
माणशी दोन मिनिटं.
एकोणीस वर्षं हेच करते आहे.
लोक मला कारकून म्हणतात,
मी घड्याळ म्हणते.

त्या दिवशी कामकाजात
पश्चिमेकडच्या सात काउंट्या होत्या,
तिथल्या मुलांसाठी फिरते दवाखाने,
बेचाळीस लाख डॉलर, दोन वर्षांचे मिळून.
पान एकशे बारा, ओळ नववी.
आधी रस्तेवाले बोलून गेले, मग पूलवाले,
मग एक गृहस्थ बीटाच्या साठवणीवर
इतकं बोलले की मला तांबडा दोनदा लावावा लागला.

मग नाव पुकारलं: टेसा फोग्ट.
अंगात नवऱ्याचा वाटावा असा कोट,
बुटांना अजून बर्फ,
आणि बोटाला धरून सहाएक वर्षांचा ओरिन,
दोन्ही कानांमागे निळी यंत्रं.

मी हिरवा लावला.

“आम्ही रात्री तीनला निघालो.
कान तपासणारी बाई आमच्यापासून
दोनशे दहा मैलांवर बसते, तेही बुधवारीच.
जन्मला तेव्हा सगळं ठीक होतं,
नंतर हळूहळू गेलं. आम्हाला काय कळणार?
आम्ही म्हणायचो, हट्टी आहे,
आजोबांच्या वळणावर गेलाय.
मी त्याच्यावर खूप...”

इथे ती थांबली.
थांबलेलंही दोन मिनिटांतच धरतात.

पिवळा.

ओरिन आईकडे बघत नव्हता.
सगळा वेळ तो माझ्या पेटीकडे बघत होता.
त्यानं तिचा कोट ओढला
आणि हातानंच सांगितलं, रंग बदलला.
मग ती आकडे वाचू लागली,
भरभर, कुणीतरी लिहून दिलेले.
अध्यक्ष चष्मा पुसत होते.

तांबड्याच्या कळीवर माझं बोट होतं.
दाबलं नाही.

अकरा सेकंद. मोजायची सवय आहे, म्हणून सांगते.
त्या अकरा सेकंदांत तिनं कागद खाली ठेवला
आणि म्हणाली,
“यंत्रं लावल्यावर त्याला पहिल्यांदा ऐकू आला तो आमचा फ्रिज.
त्या रात्री तो त्याच्याशेजारी जमिनीवर झोपला.”

मग मी दाबलं.

प्रश्न एकच आला, सिनेटर क्रूम यांचा,
ज्यांना मी एरवी झोपलेलेच पाहिले आहेत:
“त्या बॅटऱ्या किती दिवस जातात?”
“थंडीत पाच. उन्हाळ्यात नऊ.”
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.
काय, ते मला दिसलं नाही.

पुढे कात्री, नेहमीची.
मार्चमध्ये सव्वीस लाख. एप्रिलमध्ये एकोणीस.
सातांच्या चार काउंट्या उरल्या,
आणि दर आठवड्याची गाडी महिन्यातून दोनदा झाली.
सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
ओरडलंही नाही कुणी;
त्यानंतरचा विषय मासेमारीच्या परवान्यांचा होता.

घरी जाण्याआधी मी यादी उघडून बघितली.
फोग्टबाईंची काउंटी चारांत होती.
तिला लागून असलेली नव्हती.
नदीच्या त्या काठावरही कुणीतरी
कुणालातरी हट्टी म्हणत असेल.
मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून
गाडी सुरू न करता
थोडा वेळ तशीच बसून राहिले.

अधिवेशन संपल्यावर दुरुस्तीचा माणूस आला,
माईक तपासले, वायरी गुंडाळल्या.
“पेटीची काही तक्रार?”
“तांबडा जरा उशिरा लागतो,” मी म्हटलं.
“बघू का?”
त्यानं स्क्रूड्रायव्हर काढलासुद्धा.
“नको,” म्हटलं, “चालतंय.”