कोमट पीठ

नगररचना कार्यालयात माझ्या टेबलावर
धुळ्याबाहेरचं चाळीस एकर रान पसरलंय.
गेल्या हंगामापर्यंत त्यात कपाशी होती,
आता रंग भरायचे आहेत.
राहण्याला पिवळा, दुकानांना निळा,
कारखान्याला जांभळा,
आणि हिरवा, जागा उरलीच तर.
रंगात रंग जाऊ द्यायचा नाही, साहेब सांगतात,
नकाशा मळका दिसतो.

मी गल्ली नंबर पाचची.
आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत.
पट्टी ठेवून ओढल्यासारख्या त्या रेघांत
किती वाकडंतिकडं सुखानं नांदतं!
खाली सुपडू शिंप्याचं मशीन, वर सुपडू शिंप्याचं बिऱ्हाड.
शेजारच्या ओट्यावर सकाळी पाढे,
दुपारी बिबडे वाळत घातलेले,
तिन्हीसांजेला त्याच ओट्यावर
हिलालशेठ दंड पुढे करून बसतात
आणि कंपाउंडर फुगा दाबतो.
जैनबबी पिंजारणीचा कापूस उडून
माझ्या फौजदारी डाळीत पडतो.
भांडतो आम्ही. परवा तर चांगलंच भांडलो.
पण तिच्या पिंजणाचा आवाज एक दिवस आला नाही
तर मीच जाऊन बघते.

याला कुठला रंग?

मी पावलं मोजलीत.
घर ते निंबाची गिरणी, एकशे सव्वीस.
मे महिन्यात, दुपारी चारला,
त्यातली नव्वद सावलीत,
अकरा एका म्हशीच्या सावलीत, ती उभी असेल तर.
घर ते शाळा माझी दोनशे चाळीस,
लेकीची पावणेचारशे.
नकाशात लेकीचं पाऊल धरत नाहीत.
पाण्याच्या टँकरला वळता येईल का, ते धरतात.

नणंद साक्री रोडला राहायला गेली, प्लॉट एकशे अठरा.
रस्ता बारा मीटर, दोन्ही बाजूंना फक्त फाटकं.
कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती हेल्मेट घालते.
दळण रविवारी, आठवड्याचं एकदम,
भाऊजी डिकीत टाकून आणतात.
मी डब्यात हात घातला.
पीठ बारीक होतं, पांढरंशुभ्र होतं,
आणि गार.

आमच्याकडे गिरणीतून आणलेला डबा
कमरेला शेक देतो घरापर्यंत.
वाटेत तिघी थांबवतात, चौथी झाकण उघडून बघते,
ज्वारी दादरच आहे ना, विचारते,
तरी परातीत ओतताना पीठ कोमट असतं.
माझं माप एवढंच.
कोणत्याही पुस्तकात ते सापडलं नाही.

साइटवर गेले टेप घेऊन, पारा चव्वेचाळीस.
एकच निंब, त्याखाली शेळ्या आणि राखणारी वनाबाई.
‘इतलं ऊन मा कथा निंघनी वं माय?’
म्हटलं, गिरणीला जागा बघतेय.
ती हसली नाही.
उठली, रान चालली, दोनदा थांबली,
काठी टेकवून म्हणाली, अठे.
तिथून निंब दिसत होता.
चारही कोपऱ्यांना जवळपास सारखंच अंतर,
मी नंतर मोजलं.

कार्यालयात परतून
पिवळ्याच्या मधोमध निळ्याचा एक थेंब टाकला.
मग ओट्यांसाठी रेघ सरकवली, तीन फूट.
थेंब ओला होता, पसरला,
आणि पिवळ्यात निळा गेल्यावर काय होतं
ते बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे.

फाईल परत आलीये.
समासात लाल शाईत : ‘खुलासा करावा.’

कागद घेतला. तारीख घातली. ‘महोदय’ लिहिलं.
पुढे पावलं लिहू की म्हैस?
घड्याळात चार.
निंबानं पट्टा चढवला असेल आता,
वीज असेल तर.