अर्ध्या उंचीचं शून्य

इसे शहराबाहेर, भातखाचरांना लागून
पत्र्याच्या छपराची लांबट इमारत.
१९६७चा फेब्रुवारी. धूळ नको म्हणून खिडक्या बंद.
शिंक आली तर उठून बाहेर जायचं.

किनुए चिमट्याने तार उचलते.
केसाहून बारीक, वर पांढऱ्या क्षारांचा लेप;
जरा धक्का लागला की पापुद्रा उडतो.
दोन टोकं जोडायची, ताण इतकाच
की तापल्यावर लोंबू नये, निवल्यावर तुटू नये.
"आणि दिसू नये," तोमिजी म्हणतो.
"तार लालभडक दिसली तर वाया गेली समज.
उजळायचं ते समोरच्यानं."

समोर चिनीमातीची पाटी, नखाएवढी,
तिच्यावर जस्ताच्या भुकटीचे तुकडे,
मध्ये जाळी, जवळजवळ नुसती भोकंच.
मग काच, मग हवा काढून घेणं.

तोमिजीने आकडे कागदावर काढले तेव्हा
सगळे एका उंचीचे. शून्य तेवढं अर्धं,
मांडी घालून बसल्यासारखं.
साहेबांनी विचारलं, हे कुणाचं पोर?
तो म्हणाला, यंत्राला अजून कळत नाही
पुढची शून्यं गिळायची असतात ते.
सात दाबला की आधी सात शून्यं उभी राहतात.
बसू देत. सात दिसेल.

(शून्याला पूज्य म्हणणाऱ्या भाषेत
हे सांगताना मला जरा संकोच वाटतो.)

गुरुवारी शिगेनोने तपासणीच्या खोलीतला दिवा मालवला.
आठ नळ्या. निळसर हिरवं काहीतरी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
किनुए म्हणाली, आमच्या नामेरिकावाला
मार्चमध्ये माकूळ येतात, बाबांच्या जाळ्यात,
हलवलं की असेच.
मग म्हणाली, नाही, ते जास्त निळे.

बावीस वर्षांनी, नामेरिकावातच,
कियोहेईच्या तांदळाच्या दुकानात तसंच एक यंत्र.
तिसऱ्या नळीतला एक तुकडा मेलाय,
आठ आला की सहा दिसतो.
"मग खरा सहा आला तर?"
"तांदळाचा भाव मला पाठ आहे," म्हातारा म्हणतो.

किनुए दोन्ही तळव्यांनी उजेड अडवते,
मान तिरपी करते, खाली वाकते.
आकड्यांच्या पुढे, अगदीच फिकट, एक लाल रेघ.
तिची की दुसऱ्या कुणाची, कसं सांगणार?
लोंबलेली मात्र नाही.

"तीनशे चाळीस," कियोहेई म्हणतो, "बाई, हात काढा."
शेवटी शून्य. बसलेलंच.